भिंग वाकवून व सरकवून

ती भिंत मी उभी असताना कधीच पाहिली नाही, तरी आजही ती आठवते. मी पोहोचलो तेव्हा तिचा ढीग झाला होता आणि त्या ढिगाखालून एका बाईचं प्रेत नुकतंच बाहेर काढलं होतं. पुढे त्याच भिंतीचे दोन फोटो माझ्या टेबलावर आले. एकात ती कललेली होती, दुसऱ्यात सरळ. त्यातला फसवा फोटो कुठला हे ओळखायला मला जितके दिवस लागले, तितके दिवस एक निरपराध माणूस गजाआड राहिला. नोकरीत मी बरेच गुन्हे उघड केले, त्याबद्दल नारळ-शालीही मिळाल्या. ही हकीकत त्यातली नाही.

त्या वेळी मी पिंपळगाव बसवंतच्या बाजूला, महामार्गावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. द्राक्षांचा हंगाम म्हणजे आमच्या ठाण्याला उसंत नसायची. कुठे टेम्पो उलटलेला, कुठे क्रेट चोरीला गेलेले, कुठे पॅकहाऊसच्या दारात गाडी आधी कोणाची लागणार यावरून डोकी फुटलेली. दुपारी दीडच्या सुमारास फोन आला की एका नव्या पॅकहाऊसची मागची भिंत पडली. जेवणाच्या सुट्टीत मजूर बाया त्या भिंतीच्या सावलीला बसल्या होत्या. दोघी जखमी झाल्या. तिसरी गेली. ती पेठ तालुक्यातून हंगामापुरती कामाला आली होती. तिचा नवरा शेजारच्या बागेत द्राक्षं काढत होता, तो हातात कात्री तशीच घेऊन पळत आला. प्रेताचा पंचनामा होईपर्यंत तो तिथेच उभा होता. मी त्याला म्हणालो, जो कोणी जबाबदार असेल त्याला सोडणार नाही. असं वाक्य पोलिसाच्या तोंडी पटकन येतं. ते पुरं करण्याच्या घाईत पुढचं सगळं घडलं.

जबाबदार माणूस तासाभरात मिळालाही. पॅकहाऊसच्या सुपरवायझरने फिर्याद दिली आणि पुरावा म्हणून स्वतःचा मोबाईल पुढे केला.

"साहेब, हे बघा. काम संपलं त्या दिवशीचा फोटो हे. तेव्हाच भिंत कललेली व्हती. मी मिस्तरीला बोललो, तर तो म्हने, तुला काय कळतं."

फोटो इमारतीच्या मागच्या कोपऱ्यावरून काढलेला होता. डाव्या हाताला वीसेक फूट उंच भिंत, उजव्या हाताला मोकळी जागा आणि विजेचा एक खांब. भिंत वरच्या अंगाला स्पष्ट उजवीकडे झुकली होती, म्हणजे मोकळ्या जागेकडे, आणि पडलीही त्याच बाजूला. हातच्या कांकणाला आरसा कशाला! मी मोबाईल जप्त केला, फोटोची प्रत काढली आणि दोन शिपाई सायखेड्याला पाठवले. मिस्तरी तिथे कुणाच्या तरी घराच्या जोत्यावर काम करत होता. त्याला हात धुवायलाही वेळ दिला नाही. सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं, चार दिवसांची पोलीस कोठडी मिळाली.

मिस्तरी पंचावन्नच्या आसपासचा, अंगाने बारीक, बोटांना चुन्या-सिमेंटने कायमच्या भेगा पडलेल्या. ज्या माणसाला लपवायचं असतं तो एकतर खूप बोलतो किंवा रडतो, असा माझा अनुभव. हा दोन्ही करेना. मी त्याला अरे-तुरेवरच घेतलं. आरोपीला अहो-जाहो करण्याची रीत आमच्या पिढीत नव्हती, आणि मीही काही सुधारक नव्हतो.

"भिंत कललेली होती हे तुला माहीत होतं की नाही?"

"नाय साहेब. भिंत वळंब्यात व्हती. दर तीन थरांनी वळंबा सोडलाय म्या."

ओळंब्याला तो वळंबा म्हणायचा. दोरीला टांगलेलं ते लोखंडी वजन, ज्यावरून गवंडी भिंत सरळ चढते आहे का ते बघतो. पुढचे तीन तास मी प्रश्न फिरवून फिरवून विचारले आणि तो फिरून फिरून तिथेच आला. शेवटी म्हणाला, "साहेब, येकदा वळंबा लावून पघा ना."

"कशाला लावू? विटांच्या ढिगाला?"

खोलीतले दोघे शिपाई हसले. मीही हसलो. तो हसला नाही आणि त्याने मान खाली घातली. तो प्रश्न मी विचारायला नको होता हे मला तेव्हा वाटलं नाही, हेच मला आज सगळ्यात जास्त लागतं.

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली होती. काम संपल्यावर पॅकहाऊसच्या मालकाने पाणी काढून द्यायला भिंतीच्या पायाला लागून जेसीबीने चारी खोदायला घेतली होती आणि याने बजावलं होतं की पाया सोडून खोदा. मी जागेवर जाऊन पाहिलं. चारी नव्हती. बचावकार्याच्या नावाखाली मालकाच्या जेसीबीने ढीग उपसला होता, उरलेला कोपराही धोकादायक म्हणून पाडून टाकला होता आणि जमीन सपाट झाली होती. मालकाने हात जोडले आणि म्हणाला, "साहेब, तिथं कसली चारी? मानसं वाचवायची का खड्डे मोजायचे?" मला ते पटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. फाशी देणारा आपण असलो की ती आठवत नाही.

पोलीस कोठडी संपली, मिस्तरी न्यायालयीन कोठडीत गेला. सहाव्या दिवशी महामार्गापलीकडच्या चहावाल्याने मला खबर दिली. तो आमचा नेहमीचा खबऱ्या नव्हता. चहाचे पैसे घ्यायलाही तो लाजायचा. त्या दिवशी कप ठेवून तो तिथेच घुटमळला.

"साहेब, सांगू का नको असं झालंय. भिंत पडायच्या आधी आठ-दहा रोज एक बाई आली व्हती, मोठी तिपाई लावून फोटो काढत व्हती. मागच्या अंगालाबी काढले तिनं. मालक लय वरडला. म्हने, तिकडं कशाला, तिकडं चिखल दिसतो."

चिखल. हंगामाच्या कोरड्या दिवसांत भिंतीमागे चिखल कुठून आला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला, पण अर्धवटच. फोटो मिळतो आहे एवढ्यावर मी खूश होतो.

फोटोग्राफर बाई नाशिक शहरातल्या. इमारतींचे फोटो काढणं हाच त्यांचा व्यवसाय, बांधकामवाले आणि वास्तुरचनाकार त्यांना बोलावतात. मालकाने परदेशी ग्राहकांना दाखवायच्या पुस्तिकेसाठी त्यांना नेलं होतं. मी निरोप धाडला आणि सातव्या दिवशी सकाळी त्या ठाण्यात आल्या, फोटोच्या प्रती आणि कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन. आता त्यांचा जबाब कसा नोंदवला गेला ते नीट सांगितलं पाहिजे, कारण खरा गुन्हा तिथे घडला, आणि तो माझ्या हातून.

माझी एक खोड होती. जबाबात इंग्रजी शब्द आलेला मला खपत नसे. पूर्वी एकदा न्यायाधीशांनी भर कोर्टात मला सुनावलं होतं की हा जबाब मराठी आहे की भेळ आहे? तेव्हापासून मी लेखनिकाच्या मागे उभा राहून एकेक शब्द मराठी करून घ्यायचो आणि त्याचा मला अभिमान होता. 'मोबाईल' लिहू दिला हेच उपकार.

बाई म्हणाल्या, "भिंत उंच होती आणि मागे सरकायला जागा कमी. म्हणून मी टिल्ट-शिफ्ट लेन्स लावली."

"म्हणजे काय ते मराठीत सांगा."

"मराठीत शब्द नाहीये साहेब. लेन्स कॅमेऱ्याच्या तुलनेत थोडी कलवता येते आणि वर-खाली सरकवता येते."

"म्हणजे वाकवता येते आणि सरकवता येते. त्याने काय होतं?"

"भिंत सरळ दिसते, पण..."

"पण नको. दिसते की नाही?"

"दिसते."

मी लेखनिक हवालदारांना सांगितलं, लिहा. 'सदर भिंतीचा फोटो मी भिंग वाकवून व सरकवून घेतला असून त्यामुळे भिंत सरळ दिसत आहे.' जबाब वाचून दाखवला. बाई म्हणाल्या, शब्द चुकीचे नाहीत, पण हे असं वाचलं तर भलताच अर्थ होतो. मी म्हणालो, शब्द चुकीचे नाहीत ना, मग झालं. खाली माझी सही झाली. त्यांच्या फोटोत भिंत सरळ होती खरी, पण उजवीकडचा विजेचा खांब पुसट दिसत होता. भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुरीसारखी स्पष्ट आणि खांब मात्र धुक्यात. मला वाटलं, बाईंनी काहीतरी कलाकुसर केली आहे. तपासाला उपयोग शून्य.

दुसऱ्याच दिवशी मिस्तरीच्या जामिनाची सुनावणी होती. त्याच्या वकिलाला दुसऱ्या फोटोची कुणकुण लागली होती. त्याने तो मागितला आणि भिंत सरळ असल्याचा पुरावा पोलिसांकडेच आहे असं म्हणाला. सरकारी वकील उठले आणि त्यांनी शांतपणे माझा कागद वाचला. भिंग वाकवून. व सरकवून. त्यामुळे भिंत सरळ दिसत आहे. कोर्टात हलकं हसू पसरलं. जामीन नामंजूर झाला. मागच्या बाकावर मिस्तरीची बायको बसली होती. तिला निकालाचं इंग्रजी कळलं नसावं, तिने शेजारच्याला विचारलं आणि मग डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला. मी तिथून लगेच निघालो, बंदोबस्ताची मीटिंग होती.

नवव्या दिवशी सकाळी हजेरी झाल्यावर आमचे लेखनिक हवालदार गुन्ह्याचे कागद लावत बसले होते. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, शांत माणूस. चष्मा कपाळावर चढवून, सुपरवायझरच्या मोबाईलमधला फोटो डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी मला विचारलं, "साहेब, हा खांब पडला का हो?"

"कुठला खांब?"

"ह्यो, विजेचा. भिंतीपेक्षा हाच जास्त वाकलेला दिसतोय. वाकल्या खांबाचा अर्ज आपल्याकडं आलेला नाय, म्हनून विचारलं."

मी फोटो घेतला. नऊ दिवस मी त्या फोटोत फक्त भिंत पाहत होतो. डावीकडची भिंत उजवीकडे झुकली होती आणि उजवीकडचा खांब डावीकडे. दोघं वरून एकमेकांना रामराम घालत होते. तो खांब मी घटनास्थळी पाहिला होता, त्याला टेकून उभाही राहिलो होतो. तो सरळसोट होता. मग खांबाला वाकडं दाखवणारा फोटो भिंतीबद्दल खरं बोलतो हे कशावरून? दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे ठाण्यात आम्ही फिर्यादींना दिवसातून दोनदा ऐकवतो. स्वतःला ऐकवायची वेळ क्वचित येते.

मी बाईंना फोन लावला. त्यांचा आवाज थंड होता. एवढंच म्हणाल्या, "साहेब, त्या दिवशी मी 'पण' म्हणाले होते." मी म्हणालो, "आज तो पुरा ऐकायचा आहे. जागेवर याल का?"

दहाव्या दिवशी दोन पंच घेऊन आम्ही त्या कोपऱ्यावर गेलो. पंचांपैकी एक मी मुद्दाम पिंपळगावचा गवंडी घेतला, आणि त्याला त्याचा ओळंबा आणायला सांगितलं. आधी त्याने खांबाला ओळंबा लावला. सरळ. मग मी माझा मोबाईल काढला, सुपरवायझर उभा होता तिथे उभा राहिलो. खांबाचं टोक फोटोत बसेना म्हणून, आपण सगळेच करतो तसा, मोबाईल वर उचलून कलता धरला आणि फोटो काढला. खांब डावीकडे वाकला. शेजारची, आजही उभी असलेली पुढच्या शेडची भिंत उजवीकडे झुकली. गवंड्याने माझ्या हातातला मोबाईल पाहिला, खांबाकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटला.

"कॅमेरा वर तोंड करून बघायला लागला की सगळ्या उभ्या रेघा वर जाताना एकमेकींकडे येतात," बाई म्हणाल्या. "म्हणून मी कॅमेरा वर करतच नाही. तो ताठ ठेवते आणि फक्त लेन्स वर सरकवते. टोक फोटोत येतं, कॅमेरा मान वर करत नाही."

त्यांनी तिपाई लावली, कॅमेरा बसवला आणि त्यावरच्या लहानशा काचेच्या नळीतला बुडबुडा मध्यावर आणला. गवंड्याने वाकून पाहिलं.

"आवो बाई, ही तर आमची पाणसळ!"

"तीच. ओळंबा नाही माझ्याकडे, पण पाणसळ लावल्याशिवाय मी फोटो काढत नाही."

त्यांच्या फोटोत खांबही सरळ आला आणि शेडही. तरी माझ्यातला पोलीस गप्प बसेना. मी म्हणालो, "तुमचं भिंग सगळंच सरळ करत असेल तर? वाकडी भिंतही सरळ केली असेल तर?" बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. सेंटरिंगची एक लांब फळी पडली होती. त्यांनी गवंड्याला ती जाणूनबुजून कलती उभी करायला सांगितली, अगदी थोडी, वीतभर. पुन्हा फोटो काढला. खांब सरळ, शेड सरळ, फळी कलती. जेवढी होती तेवढीच. गवंड्याने पडद्याला बोट लावलं, मग फळीला ओळंबा लावला आणि मान डोलावली.

"आता तो पुसट खांब," मी म्हणालो.

"भिंत लांब होती. साध्या लेन्सने एकतर जवळचं टोक स्पष्ट येतं नाहीतर लांबचं. लेन्स बाजूला थोडी कलवली की भिंतीच्या रेषेतलं सगळं एकदम स्पष्ट येतं, पण त्या रेषेबाहेरचं पुसट होतं. म्हणून खांब पुसट आहे. मी काही लपवलं नाही साहेब. उलट तुम्ही खांबच बघत बसलात, भिंतीचा पाया पाहिलाच नाहीत."

मी कागदांतून त्यांचा फोटो काढला आणि उन्हात धरला. भिंतीच्या पायाला खेटून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चारी होती. त्यात गढूळ पाणी साचलेलं. पलीकडच्या टोकाला, साध्या फोटोत जे कधीच दिसलं नसतं, तिथे पायाखालची माती ढासळून तळचे दगड उघडे पडले होते आणि वर बोटभर भेग गेली होती. तीन दिवस हा फोटो माझ्या ताब्यात होता. माझ्या टेबलाच्या उजव्या खणात. मी तिथल्याच एका क्रेटवर बसलो. हवालदार पाणी घेऊन आले.

पुढचं फारसं अवघड नव्हतं. मालकाला बोलावलं, फोटो समोर ठेवला आणि काहीच विचारलं नाही. बोलणाऱ्या माणसाला प्रश्न विचारून आपणच वाट दाखवतो, हे मला इतक्या वर्षांत कळलं होतं. तो आधी म्हणाला ही जागाच दुसरी, मग म्हणाला चारी जुनी, मग म्हणाला पाणी तर कुठेतरी जायला हवं ना साहेब. सुपरवायझर बाहेर बाकावर बसला होता. त्याला आत घेतलं तर तो रडायलाच लागला. भिंत पडल्यावर मालकाने त्याच्या मोबाईलमधले जुने फोटो चाळले होते. त्यात हा कलता फोटो सापडला आणि डाव तिथे ठरला. फोटो काढताना कोणाच्या मनात काही नव्हतं. तो बनावट नव्हता, नुसता मोबाईल वर करून काढलेला होता. जेसीबीवाल्याचा जबाब झाला. सरकारी अभियंत्याने जागा उकरून पाहिली, चारीत भरलेली नवी माती सापडली.

मी न्यायालयात अहवाल दिला की मिस्तरीविरुद्ध पुरावा नाही. अकराव्या दिवशी तो सुटला. कागदांवर सही करायला तो ठाण्यात आला तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "बसा मिस्तरी." तो दचकला. अकरा दिवसांत त्याला पहिल्यांदाच कोणी बसा म्हटलं असावं. मी त्याची माफी मागितली. ठाण्यात, शिपायांसमोर. ते दोघे त्या दिवशी हसले होते, म्हणून मुद्दाम त्यांना बोलावून घेतलं.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साहेब, मला कागद पायजे."

"सुटल्याचा कागद मिळेल कोर्टातून."

"तो नाय. सुटला म्हनजे वकील भारी लावला, असं म्हनत्यात लोकं. ज्या घरावरून तुम्ही मला उचललं ते घर दुसऱ्याला दिलं. ज्याची भिंत मानसं मारते त्याला जोतं कोन देईल? मला असा कागद द्या की भिंत सरळ व्हती."

पोलीस खात्यात शेकडो नमुने आहेत. हरवल्याचा दाखला आहे, चारित्र्याचा दाखला आहे, लाऊडस्पीकरचा परवाना आहे. भिंत सरळ होती असा दाखला द्यायचा नमुना नाही. तसं मी त्याला सांगितलं. तो 'बरं' म्हणाला आणि गेला. त्याची बायको बाहेर उभी होती. ती माझ्याकडे न बघता त्याच्या मागून चालू लागली.

खटला उभा राहायला दीडेक वर्ष गेलं. आता आरोपी मालक आणि सुपरवायझर होते, मिस्तरी साक्षीदार. तोवर माझी बदली झाली होती, पण तपास अधिकारी म्हणून साक्षीला यावं लागलं. मालकाचा वकील हुशार होता. त्याला ठाऊक होतं की सगळा खटला बाईंच्या फोटोवर उभा आहे आणि तो फोटो पाडायचं हत्यार मीच बनवून ठेवलं आहे. त्याने बाईंचा पहिला जबाब माझ्या हातात दिला.

"हा जबाब तुम्ही नोंदवला?"

"होय."

"भिंग वाकवून व सरकवून घेतला, त्यामुळे भिंत सरळ दिसत आहे. हे साक्षीदाराचे शब्द आहेत?"

इथे दोन वाटा होत्या. लेखनिकाची चूक झाली असं म्हणता आलं असतं. हवालदार तोवर निवृत्त झाले होते, त्यांना विचारायला कोणी गेलं नसतं. खात्यात असं घडतं, मी पाहिलं आहे. कोर्टात नजर फिरवली तर मागे मिस्तरी बसला होता. त्याची साक्ष आदल्या तारखेला झाली होती, त्या दिवशी त्याला यायचं काही कारण नव्हतं.

मी म्हणालो, "शब्द माझे आहेत. साक्षीदार काय सांगते ते मला समजलं नव्हतं. ती 'पण' म्हणाली आणि मी तिला थांबवलं. न समजता मी जबाब लिहून घेतला आणि त्यावर सही केली. त्या जबाबामुळे एका निरपराध माणसाचा जामीन नामंजूर झाला. नंतर जागेवर पंचांसमक्ष खात्री केली. भिंत ओळंब्यात होती."

वकील म्हणाला, म्हणजे तुमच्या तपासावर विश्वास ठेवता येत नाही. मी म्हणालो, माझ्या पहिल्या नऊ दिवसांच्या तपासावर नाही, पुढच्यावर ठेवा. न्यायाधीशांनी वर पाहिलं आणि टंकलेखकाला सांगितलं, हे सगळं जसंच्या तसं घ्या. मालकाला शिक्षा झाली, ती सध्या अपिलात आहे. त्या मेलेल्या बाईच्या नवऱ्याला मी निकाल कळवला. तो म्हणाला, बरं झालं साहेब, आणि फोन ठेवला.

माझ्या बढतीच्या वेळी त्या साक्षीचा उल्लेख निघाला. बढती एक वर्ष लांबली. त्याबद्दल तक्रार नाही, अकरा दिवसांच्या मानाने ते स्वस्तच होतं. या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर मी लेन्सबद्दल सांगत बसत नाही. ती बाईंची विद्या आहे, मला आजही तिच्यातलं निम्मंच कळतं. मला एवढं कळलं की माणूस 'पण' म्हणतो तिथून पुढे तो खरं सांगायला लागतो, आणि आम्ही नेमकं तिथेच त्याला तोडतो. शिवाय ज्या गोष्टीत आपल्याला काही कळत नाही, ती आपल्या शब्दांत लिहू नये. त्या माणसाचा शब्द तसाच ठेवावा, इंग्रजी असला तरी. निवृत्तीआधीच्या वर्षांत माझे जबाब पुन्हा भेळ झाले आणि एकाही न्यायाधीशाने मला टोकलं नाही.

गेल्या वर्षी एका लग्नाच्या निमित्ताने सायखेड्याला गेलो होतो. मिस्तरीचं घर विचारत गेलो. तो अंगणात कुणाशी तरी नव्या बंगल्याचं बोलणं करत होता. मला पाहून त्याने खुर्ची पुसून पुढे केली, बायकोला चहा टाकायला सांगितलं. तिने चहा आणून दिला आणि या वेळी माझ्याकडे पाहिलं. मग तो आत गेला आणि प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेला एक कागद घेऊन आला. माझ्या साक्षीची नक्कल होती, कोर्टातून रीतसर अर्ज करून काढलेली. तळाकडच्या एका ओळीखाली त्याने निळ्या पेनने रेघ मारली होती. भिंत ओळंब्यात होती.

"नवीन काम बोलायला आलं की पयला ह्यो कागद वाचायला देतो," तो म्हणाला. "पुरा वाचा म्हनतो, नुसती खालची वळ नाय."

म्हणजे त्या पंचक्रोशीत घर बांधायला काढणारा प्रत्येक माणूस आधी माझी चूक वाचतो, मग त्याची भिंत. मी त्याला विचारलं, वाचून लोक काय म्हणतात?

"परवा एक जन म्हनला, भला मानूस हाय हो साहेब, भर कोर्टात कबूल झाला. मी म्हनलो, भला हायेच. पन मी येका दिवसात सांगितलं व्हतं, त्यान्ला अकरा लागले."

मी म्हणालो, तसंच सांगत जा.